नायिका दिसत नाही, तरी चरित्रपट?

प्रश्न : मार्लेन डीट्रिश या जर्मन अभिनेत्रीवर एक चित्रपट आहे म्हणे. तिने त्यासाठी मुलाखत दिली, पण चेहरा दाखवू दिला नाही. हे खरं का? मग त्यात पाहायचं काय?
– एक वाचक, मिरज

उत्तर : अगदी खरं. चित्रपटाचं नाव ‘मार्लेन’, साल १९८४, दिग्दर्शक माक्सिमिलियन शेल. शेल स्वतः नामवंत नट. ‘जजमेंट ॲट न्युरेम्बर्ग’ (१९६१) मध्ये त्याने आणि मार्लेनने एकत्र काम केलं होतं आणि त्यातल्या बचावाच्या वकिलाच्या भूमिकेने शेलला ऑस्कर मिळवून दिलं. त्या ओळखीवर १९८२ साली तो मार्लेनच्या पॅरिसमधल्या घरी जाऊन बसला.

मार्लेन तेव्हा ऐंशीची होती. १९७५ मध्ये सिडनीत कार्यक्रमाच्या वेळी पडून तिच्या मांडीचं हाड मोडलं आणि गाण्याचे दौरे कायमचे थांबले. पुढे ती घराबाहेर पडेनाशी झाली. शेलला तिने परवानगी दिली ती फक्त आवाजाची. आजवर माझे पुरेसे फोटो काढून झालेत, असं तिचं म्हणणं. काहींना हा नखरा वाटतो, मला वाटत नाही. ‘ब्लू एंजल’पासून (१९३०) योसेफ फॉन स्टर्नबर्गच्या हाताखाली काम करताना चेहऱ्यावर उजेड कुठून, किती उंचीवरून पडावा हे ती स्वतः शिकली होती. त्या चेहऱ्याचं काय करायचं हे तिनेच ठरवायचं.

शेलपुढे मात्र पेच पडला. त्याने स्टुडिओत तिच्या घराचा सेट उभारला, संकलनाच्या टेबलावर चाललेली खटपटही पडद्यावर आणली, जुन्या चित्रपटांचे तुकडे जोडले आणि या सगळ्यावर तिचा आवाज सोडला. आणि काय आवाज आहे तो! घोगरा, तोडून टाकणारा, मध्येच खळखळून हसणारा. शेल भावनेच्या गोष्टी काढू लागला की ती उडवून लावते. एकदा तर, आधी आईकडे जाऊन चार शिष्टाचार शिकून या, असं त्याला सुनावते.

पण ती सांगते ते सगळं खरं नसतं, आणि इथेच चित्रपट खोल जातो. आपण एकुलती एक, असं ती सांगायची. प्रत्यक्षात तिला एलिझाबेथ नावाची थोरली बहीण होती. मार्लेनने नाझींकडे पाठ फिरवली, १९३९ मध्ये अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं, युद्धात दोस्तांच्या सैनिकांपुढे आघाडीवर जाऊन गायली. १९४५ साली बहिणीच्या शोधात ती बेल्सनला पोचली, तेव्हा कळलं की बहीण आणि मेहुणे तिथल्या छळछावणीजवळ जर्मन सैनिकांसाठी सिनेमागृह चालवत होते. त्यानंतर तिने बहिणीचं नावच आयुष्यातून पुसलं. एवढं ठाऊक असलं की तिच्या तुटक उत्तरांमागची जखम ऐकू येते. शेवटी आईच्या आवडीची, फ्रायलिग्राट या कवीची एक कविता निघते आणि सगळ्या भावुकतेला झिडकारणारी ही बाई रडू लागते. त्या वेळी चेहरा दिसला असता तर कदाचित आपण तेवढं नीट ऐकलंही नसतं.

याच नावाचा दुसरा चित्रपट २००० साली जर्मनीत निघाला. दिग्दर्शक योसेफ फिल्समायर, मार्लेनच्या भूमिकेत काट्या फ्लिंट. त्यात तिच्या आयुष्याला एका जर्मन अधिकाऱ्यावरच्या प्रेमाची काल्पनिक कथा जोडली आहे. बर्लिनमध्ये १९६० साली निदर्शकांनी ‘परत जा’चे फलक धरले, तरीही जी गाण्यासाठी उभी राहिली, अशा बाईला रचलेल्या प्रियकराची गरज का पडावी, हे मला कळत नाही.

म्हणून माझं ऐका : आधी ‘ब्लू एंजल’ पाहा, मग शेलचा ‘मार्लेन’. फिल्समायरचा राहिला तरी चालेल.