अहवालात राहिलेली ओळ

मार्गशीर्ष-पौषाची थंडी पडू लागली, की आमच्या भागातील शाळांना स्नेहसंमेलनाचे वेध लागतात. पालघरपासून बोईसर-तारापूरपर्यंतचा हा मुलूख मोठा विविध आहे. पश्चिमेस समुद्रकाठी कोळ्यांची गावे, पूर्वेस डोंगराच्या कुशीत आदिवासी पाडे आणि मध्ये कारखान्यांची वसाहत. भारतातील पहिले अणुवीजकेंद्र १९६९ साली तारापूरलाच सुरू झाले. या साऱ्या ठिकाणची मुले संमेलनाच्या दिवशी एका मांडवाखाली जमतात. पडद्यावर वारली चित्रे रेखाटलेली असतात. कोणी कोळीनृत्य करतात, तर कोणी तारप्याच्या सुरावर फेर धरतात.

नृत्यनाट्याच्या आधी मुख्याध्यापक वार्षिक अहवाल वाचतात. शालान्त परीक्षेचा निकाल, शिष्यवृत्ती मिळविणारे विद्यार्थी, रेखाकला परीक्षेतील श्रेणी, कबड्डी-खोखोचे सामने, विज्ञान प्रदर्शन, वृक्षारोपण या सर्वांची त्यात नोंद असते. प्रत्येक नावाबरोबर टाळ्यांचा कडकडाट होतो. असे अहवाल मी पुष्कळ वर्षे लिहिले. त्यांतील एका अहवालाची गोष्ट तुम्हांस सांगावयाची आहे.

त्या वर्षी शाळेला भरघोस यश मिळाले होते. एकही दिवस न चुकविल्याबद्दल पाचवीतील एका चिमुरड्या मुलालाही बक्षीस दिले गेले. तो एका दूरच्या पाड्यावरून पायी येत असे. पाहुण्यांनी त्याची पाठ थोपटली. समारंभ आटोपला. खुर्च्या उचलता उचलता शाळेचे वृद्ध शिपाई माझ्याजवळ आले. सारी शाळा त्यांना मामा म्हणत असे.

"सर, रागावणार नसाल तर एक बोलू का?" ते म्हणाले. "त्या पोराला बक्षीस मिळाले, चांगले झाले. पण त्याला ओढा ओलांडून आणणाऱ्या पोरीचे नाव काही आले नाही."

मी चकित झालो. दुसऱ्या दिवशी नववीचा हजेरीपट मागविला. त्या मुलीच्या नावापुढे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत लाल शाईने 'उशिरा' असा शेरा वारंवार पडला होता. मी तिला बोलावून विचारले, "रोज उशीर का होत होता?"

ती खाली मान घालून म्हणाली, "सर, पाड्यावरची पाच लहान मुले माझ्याबरोबर येतात. ओढ्याला गुडघाभर पाणी असले, की एका वेळी दोघांनाच हाताला धरून आणता येते. तीन फेऱ्या होतात. पहिली दोघे वेळेवर पोहोचतात. शेवटच्या मुलाबरोबर मी येते, तोवर घंटा झालेली असते."

"मग हे आधी का सांगितले नाहीस?"

"कोणी विचारलेच नाही, सर."

त्या चार शब्दांनी मी निरुत्तर झालो. ज्या मुलाला आम्ही बक्षीस दिले, त्याची हजेरी हिच्या पायांनी भरली होती. आणि हिच्या वाट्याला आला होता तो लाल शेरा! हजेरीपट खोटा नव्हता. उशीर झाला, हे त्याने खरेच सांगितले होते. तो का झाला, हे विचारणे आमचे काम होते आणि तेच आमच्याकडून राहून गेले होते.

आमच्याच जिल्ह्यात हा 'का' विचारणाऱ्या दोन थोर शिक्षिका होऊन गेल्या. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. अनुताई वाघ तेथे त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ साली हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, असे लोक म्हणत. या दोघींनी त्याचे कारण शोधले. कोणाला धाकटे भावंड सांभाळावे लागे, म्हणून शाळेला जोडूनच पाळणाघर व बालवाडी चालविली. कोणाला गुरे राखावी लागत, म्हणून कुरणावरच शाळा भरविली. ती 'कुरणशाळा' म्हणून प्रसिद्ध झाली. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८४ साली पद्मश्री हा सन्मान लाभला. रिकाम्या जागेवर गैरहजेरीची खूण करून त्या थांबल्या नाहीत. ती जागा रिकामी का, हे पाहण्यासाठी त्या पाड्यापाड्यांवर गेल्या.

पुढच्या सोमवारी प्रार्थनेनंतर मी सर्व मुलांसमोर अहवाल पुन्हा उघडला आणि राहिलेली ओळ वाचून दाखविली. त्या मुलीची मी क्षमाही मागितली. पुढल्या पावसाळ्यापासून ओढ्यावर मुलांना उतरवून घेण्यासाठी पाड्यावरील वडीलधारी माणसे पाळीपाळीने उभी राहू लागली. तिची घंटा पुन्हा चुकली नाही.

मुलांनो, गुण आणि ढाली यांचे मोल कमी नाही. त्यांमागे परिश्रम असतात, आणि परिश्रमांचा गौरव झालाच पाहिजे. परंतु वर्ष संपताना आणखी एक अहवाल प्रत्येकाने स्वतःशी लिहावा. गेल्या वर्षी जे येत नव्हते, त्यातले यंदा काय साधले? माझ्या यशाला कोणाचा हात लागला? आणि मी कोणाचा हात धरला? या प्रश्नांची उत्तरे प्रामाणिकपणे लिहाल, तर तुमच्या अहवालात एकही ओळ राहणार नाही.

स्वाध्याय

१. मुलीच्या नावापुढे 'उशिरा' असा शेरा का पडत असे?
२. 'हजेरीपट खोटा नव्हता', असे लेखक का म्हणतात?
३. कुरणशाळा कोणासाठी व का भरविली गेली?
४. तुमच्या वर्गात ज्याची नोंद झाली नाही, अशा एका चांगल्या कामाविषयी दहा ओळी लिहा.