आजीची उठबस

बालरोगतज्ज्ञाने वृद्ध स्त्रियांच्या पायांविषयी लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु माझ्याकडे येणाऱ्या अनेक बालकांना त्यांची आजीच घेऊन येते. बाळ तपासून झाले की आजी बाकावरून उठते, आणि ती कशी उठते याकडे माझे लक्ष आपोआप जाते.

आम्हा बालरोगतज्ज्ञांना या हालचालीचे महत्त्व फार लवकर शिकविले जाते. १८७९ साली लंडनचे डॉ. विल्यम गॉवर्स यांनी स्नायुदुर्बलतेच्या आजारातील मुलांचे एक लक्षण वर्णिले. असे मूल जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात ठेवीत वर चढत जाते. मांडीचे व नितंबांचे स्नायू शरीर उचलू शकत नाहीत, म्हणून हातांची मदत घ्यावी लागते. सहा वर्षांचा मुलगा असा उठला तर आम्ही तत्काळ तपासण्या सांगतो. सत्तरीची आजी नेमकी तशीच उठते, तेव्हा मात्र घरचे आणि आपण डॉक्टरही ‘आता वय झाले’ म्हणून मोकळे होतो.

वयाबरोबर स्नायू झिजतात हे खरेच. या झिजेला १९८९ पासून ‘सार्कोपेनिया’ असे नाव आहे. त्यातही वेगाने आकुंचन पावणारे तंतू अधिक झिजतात आणि ठेच लागल्यावर तोल सावरण्यास तेच लागतात. स्त्रियांची मूळ स्नायुसंपदा पुरुषांपेक्षा कमी. त्यात रजोनिवृत्तीनंतर हाडेही विरळ होतात. आपल्या ताप्तीच्या राजघाटावर कार्तिकस्नानाला जाणाऱ्या वृद्धा पाहा. चढताना त्यांना दम लागतो, पण भीती वाटते ती उतरताना. उतरताना मांडीचा स्नायू लांबत लांबत भार पेलतो, आणि ते काम दुबळ्या स्नायूला जमत नाही.

परंतु झिजलेला स्नायू पुन्हा बळावतो. १९९० साली बॉस्टन येथे डॉ. मारिया फियातारोने यांनी वृद्धाश्रमातील नव्वदीच्या आसपासच्या दहा व्यक्तींना आठ आठवडे पायांचे वजनी व्यायाम दिले. नऊ जणांनी ते पूर्ण केले आणि त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. प्रयोग लहान होता खरा, पण पुढील मोठ्या अभ्यासांनी त्याची दिशा योग्यच ठरविली. आपल्याकडे बारामतीच्या लता करे यांचे नाव सर्वश्रुत आहे. पतीच्या उपचारांसाठी साठीनंतर नऊवारीत, अनवाणी धावून त्यांनी ज्येष्ठांची शर्यत जिंकली. त्यांच्या जीवनावरील मराठी चित्रपटाला ६७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत विशेष उल्लेख लाभला. प्रत्येक आजीने धावावे असे मी म्हणणार नाही. कष्टाची सवय न सुटलेले पाय काय करू शकतात, एवढेच त्यातून दिसते.

आपल्या घरांत ही सवय आदरापोटी सुटते. ‘आई, तुम्ही बसा, मी आणते’ या वाक्यात सुनेची माया असते, पण त्या मायेत सासूबाईंच्या पायांची रोजची उठबस संपते. मंगळागौरीला बसफुगडी घालणाऱ्या स्त्रिया पुढे केवळ प्रेक्षक होतात. जेवण टेबलावर आले, पाट गेला. गुडघे दुखतात म्हणून हालचाल थांबते, आणि मांडीचा स्नायू अशक्त झाला की गुडघा अधिकच दुखतो.

परीक्षा अगदी सोपी आहे. सुमारे १७ इंच उंचीची, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. हात छातीवर दुमडून तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहता येते ते मोजावे. अमेरिकी मानकांप्रमाणे ६५ ते ६९ वयाच्या स्त्रीला अकराहून कमी वेळा जमले, तर पडण्याचा धोका अधिक समजतात. तीच खुर्ची व्यायामालाही पुरते. आरंभी उशी ठेवून आसन उंच करावे आणि उठण्यापेक्षा बसताना अधिक सावकाश बसावे. ओट्याला धरून टाचा उचलणे, मग आधाराजवळ एका पायावर उभे राहणे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ज्येष्ठांसाठी तोल व ताकदीचे व्यायाम आठवड्यातून किमान तीन दिवस सुचविले आहेत. नुसते देवळापर्यंत चालून हे काम होत नाही.

व्यायामाला अन्नाची जोड हवी. निरोगी वृद्धेला प्रतिदिनी, वजनाच्या दर किलोस एक ग्रॅमहून थोडी अधिक प्रथिने लागतात. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रमाण डॉक्टरांनी ठरवावे. चातुर्मासातील उपवास साबुदाण्यावर निभावला तर त्यात पिष्टाखेरीज फारसे काही नसते. शेंगदाणे, दूध, दही सोबत असावे.

समव्यवसायी मित्रांना एक विनंती. मांड्यांवर हात ठेवून उठणाऱ्या, बदकासारखी डुलत चालणाऱ्या, हाडे दुखतात म्हणणाऱ्या स्त्रीला केवळ वय झाले म्हणू नये. ड जीवनसत्त्वाच्या तीव्र अभावाने हाडे मृदू होऊन असेच चित्र दिसते, आणि ते उपचारांनी सुधारते. थायरॉईड, मधुमेहाने बधिर झालेली पावले, दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉईड, झोपेच्या गोळ्या, उभे राहताच रक्तदाब खाली आणणारी औषधे, हेही पाहावे. आणि ‘गेल्या वर्षभरात कधी पडलात का?’ हे सून वा मुलगा खोलीत नसताना विचारावे. बाहेर जाणे बंद होईल या भीतीने पुष्कळ आज्या पडल्याचे घरी सांगत नाहीत.