आधी पंजे चाचपा

मांजराचे मागचे पाय अचानक लुळे पडले, की पहिला प्रश्न येतो, "कुठून पडलं का?" आमचा बोका कुठूनही पडला नव्हता. पहाटे तो असा काही ओरडला की सगळं घर जागं झालं. पुढच्या दोन पायांवर धड ओढत तो पलंगाखाली शिरला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "लचक भरली असेल, कोमट तेल लावून चोळा." मी त्याचे मागचे पंजे हातात घेतले, तर ते गारठलेले. एरवी गुलाबी असणाऱ्या गाद्या निळसर पडल्या होत्या.

ही खूण लक्षात ठेवा. मणक्याला मार बसला तरी पाय लुळे पडतात, पण सहसा ऊबदार राहतात. ते गार पडले, तर त्यांच्यापर्यंत रक्त पोचत नसण्याची शक्यता मोठी. हृदयाचे स्नायू जाड होण्याचा आजार मांजरांत बराच आढळतो. त्यात हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात रक्ताची गुठळी होते, ती सुटते आणि मागच्या पायांकडे जाताना महाधमनीला फाटे फुटतात तिथे अडकते. मेन कून, रॅगडॉल या जातींत हा आजार आनुवंशिक असतो. आमचा बोका साधा गावठी. त्या पहाटेपर्यंत उड्या मारणाऱ्या या प्राण्याचं हृदय आजारी आहे, हे आम्हाला इको केल्यावरच कळलं.

अशा वेळी वाट बघू नका. दुखणं भयंकर असतं आणि पहिला उपचार वेदना थांबवण्याचा. मात्र घरातली गोळी देऊ नका. पॅरासिटामॉलने मांजर मरतं. चोळू नका, शेक देऊ नका. बधिर पाय भाजला तरी त्याला कळत नाही. टोपलीत टॉवेल अंथरून, हळू उचलून थेट दवाखाना गाठा.

डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. दोन्ही पाय गेलेली निम्म्याहून जास्त मांजरं वाचत नाहीत, आणि अंगाचं तापमान उतरलेलं असेल तर आशा आणखी कमी. कायमचं झोपवण्याचा पर्यायही त्यांनी समोर ठेवला. तो निवडणाऱ्यांना निर्दय म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आमच्या बोक्याच्या एका पायाला थोडी धग होती, म्हणून आम्ही थांबलो. पहिले दिवस त्याला दवाखान्यातच ठेवलं, कारण रक्त पुन्हा वाहू लागलं की मेलेल्या स्नायूंतलं पोटॅशियम हृदयावर चालून येतं.

घरी आल्यावर पायांपेक्षा लघवीचीच काळजी जास्त. मूत्राशय तुंबलं तर नवं संकट, म्हणून ते हलकेच दाबून रिकामं कसं करायचं, हे डॉक्टरांच्या हाताखाली शिकून घ्या. व्हिडिओ बघून नको. बोका असेल तर फारच जपून. आम्ही जमिनीवर जुनी गोधडी घातली, दर काही तासांनी कूस बदलली, ओलं झालेलं अंग लगेच पुसून कोरडं केलं. मातीचा ट्रे बुटक्या काठाचा घेतला. पंजा उलटा घासला की वरची कातडी सोलते, तेव्हा फरशीवर चटई हवी. पायांचा व्यायाम डॉक्टरांनी सांगितल्यावरच. कातडी काळी, कडक होऊ लागली तर त्याच दिवशी दाखवा.

सुधारणा दिवसांत नव्हे, आठवड्यांत होते. आधी मांडी हलते, पंजा सगळ्यांत शेवटी. पुन्हा गुठळी होऊ नये म्हणून क्लोपिडोग्रेल द्यावी लागते. ती इतकी कडू की बोका तोंडाला फेस आणून आमच्याकडे रागाने बघायचा. रिकाम्या कॅप्सूलमध्ये घालून दिली तेव्हा कुठे भांडण मिटलं. एवढं करूनही गुठळी परत येऊ शकते. शिवाय हृदयावरही लक्ष हवं, म्हणून रोज, तो गाढ झोपला की, मिनिटभर श्वास मोजायचे. सतत तिसाच्या वर जाऊ लागले, किंवा तोंड उघडून धाप लागली, की सकाळची वाट न बघता डॉक्टरांना फोन.