श्वेत बटू कसा फुटतो?

सूर्यासारख्या ताऱ्याचे इंधन संपले की तो आकसून पृथ्वीएवढाच उरतो. त्याला श्वेत बटू म्हणतात. जोडीला दुसरा तारा असेल तर बटू त्याचा वायू ओढत राहतो. होडीत मापाबाहेर बांगडा भरला तर होडी बुडते ना? तसेच याचे. वजन सूर्याच्या सुमारे १.४ पट होत आले की आतला कार्बन पेटतो आणि अख्खा तारा फुटतो! तो अतिनवतारा.

बटूच्या वजनाला मर्यादा असते, हे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९३० साली मुंबईहून विलायतेला बोटीने जाताना गणित करून काढले. तेव्हा ते १९ वर्षांचे होते! १९८३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

अशा स्फोटात पुष्कळ लोखंड तयार होते. आपल्या होडीच्या नांगरात त्यातलेही लोखंड आहे.