जुना तीन-ट्यूब प्रोजेक्टर घेताना ट्यूबची झीज कशी ओळखावी?

हा माल आता बाजारात रोज येत नाही, पण येतो. एखादे जुने सभागृह मोकळे होते, एखादा क्लब वा प्रशिक्षण केंद्र जुने सामान काढते, आणि लॉटमध्ये सोनी, बारको, एनईसी किंवा इलेक्ट्रोहोमचा तीन भिंगांचा जडशीळ प्रोजेक्टर निघतो. सन २००० नंतरच्या दशकात एलसीडी व डीएलपी यंत्रांनी याची जागा घेतली आणि कंपन्यांनी हे बनवणे थांबवले. तरीही गिऱ्हाईक आहे. जुने व्हिडिओ गेम खेळणारे आणि अंधाऱ्या खोलीत चित्रपट पाहणारे शौकीन अजूनही हाच मागतात. ट्यूबवर जिथे शलाका पडत नाही तिथे प्रकाशच नसतो, म्हणून याचा काळा रंग खराखुरा काळा दिसतो.

आमच्या दुरुस्ती करणाऱ्या व जुना माल घेणाऱ्या बांधवांची अडचण वेगळी आहे. यंत्र चालू झाले, पडद्यावर चित्र आले, सौदा झाला. घरी आणल्यावर गिऱ्हाईक म्हणते की पांढरे चित्र पिवळट आहे आणि मध्ये चौकोन दिसतो. पैसे अडकतात आणि नावही जाते. म्हणून आम्ही एकच गोष्ट सांगू इच्छितो: या यंत्राची किंमत पेटीची नाही, तीन ट्यूबची आहे, आणि ट्यूबची परीक्षा आधी यंत्र बंद असताना करावी.

असे का, ते समजून घेऊ. यात तांबडी, हिरवी व निळी अशा तीन स्वतंत्र ट्यूब असतात. मोठेपणा सात, आठ किंवा नऊ इंची. प्रत्येक ट्यूब आपापल्या रंगाचे चित्र आपल्या भिंगातून पडद्यावर टाकते आणि तिन्ही एकावर एक बसवावी लागतात. एवढ्याशा तोंडावरचे चित्र भिंतीएवढे करायचे, म्हणून ते टीव्हीच्या ट्यूबपेक्षा कितीतरी प्रखर ठेवावे लागते. तोंडाच्या आतल्या बाजूला फॉस्फरचा लेप असतो. इलेक्ट्रॉनांचा मारा खाऊन हा लेप हळूहळू काळपटतो आणि प्रकाश कमी देतो. कपॅसिटर, ट्रान्झिस्टर, फ्लायबॅक बदलणारे हात आपल्याकडे आहेत. मेलेला फॉस्फर जिवंत करणारा कारागीर कुठेच नाही. नव्या ट्यूब आता बनत नाहीत, जुन्या शिलकीतल्या शोधाव्या लागतात.

विकणारा प्रथम तास सांगतो. बऱ्याच यंत्रांत मेनूमध्ये तासांची नोंद दिसते. ट्यूबचे आयुष्य साधारण दहा हजार तास धरण्याची पद्धत आहे. पण हा आकडा फक्त ऐकून घ्यावा. बोर्ड बदलला असेल तर आकडा दुसऱ्याच यंत्राचा असतो. शिवाय तास सारखे असले तरी झीज सारखी नसते. एक यंत्र अंधाऱ्या खोलीत बेताच्या कॉन्ट्रास्टवर चाललेले, दुसरे दिवे चालू असलेल्या हॉलमध्ये कॉन्ट्रास्ट पूर्ण चढवून. दोघांचे पाच हजार तास एक कसे मानावेत?

आता परीक्षा. खोलीत अंधार करावा, यंत्राची पिन काढलेली असावी. चांगली बॅटरी घेऊन भिंगातून तिरका प्रकाश आत टाकावा आणि बाजूने पाहावे. भिंगामुळे ट्यूबचे तोंड मोठे दिसते. चांगल्या ट्यूबचा लेप एकसारखा, करडा-पांढरा दिसतो. झिजलेल्या ट्यूबवर मधोमध एक आयत दिसतो, आतून काळपट किंवा तपकिरी, बाहेर मूळ रंगाची चौकट. काही यंत्रांत तांबड्या व हिरव्या ट्यूबपुढची काच किंवा द्रव मुद्दाम रंगीत असतो, म्हणून रंग पाहू नये, आतला व बाहेरचा फरक पाहावा. वापरलेल्या ट्यूबवर आयताची पुसट रेघ असणारच. तेवढ्यावरून माल नाकारणे म्हणजे वापरलेल्या चपलेवर पायाचा ठसा का, असे विचारणे झाले. पण आयताच्या आत अक्षरे, रकाने किंवा कोपऱ्यातला चॅनलचा शिक्का दिसला, तर एकच चित्र त्या जागी तासन्‌तास राहिले होते असे समजावे. असे यंत्र सुट्या भागांच्या भावानेच घ्यावे.

येथे एक घोटाळा हमखास होतो. ट्यूब आणि भिंग यांच्यामध्ये थंडाव्यासाठी ग्लायकॉलचा द्रव भरलेला असतो. तो जुना झाला की गढूळ होतो, कधी त्यात बुरशीचे जाळे धरते. नवखा माणूस त्यालाच झीज समजतो. झिजेची कड सरळ असते, आयताची असते. बुरशी ढगासारखी किंवा ठिपक्यांची, वेडीवाकडी. द्रव बदलता येतो, किचकट पण होणारे काम आहे. हा फरक ओळखणाऱ्याला कधी कधी धडधाकट ट्यूबचे यंत्र भंगाराच्या भावात मिळून जाते.

नंतर यंत्र चालू करावे, आणि ते थंड असतानाच. आपण पोहोचण्याआधी तासभर चालू ठेवलेले यंत्र दाखवत असतील तर पेटीला हात लावून पाहावा. थंड यंत्रात एक रंग उशिरा उजळत असेल तर त्या ट्यूबचा कॅथोड थकला आहे. ही झीज वेगळी, ती बॅटरीने दिसत नाही. ती झाकण्यासाठी स्क्रीन व्होल्टेज वाढवून ठेवतात. मग काळ्या चित्रावरही धुरकट उजेड राहतो आणि तिरप्या बारीक रेघा दिसतात.

यंत्र अर्धा तास चालल्यावर पडदाभर पांढरे चित्र मागावे. विकणारा गाण्याची चित्रफीत लावतो. हलत्या रंगीत चित्रात सगळे ऐब लपतात. पांढऱ्यात लपत नाहीत. पांढरे पिवळट दिसले तर निळी ट्यूब थकली, जांभळट-गुलाबी दिसले तर हिरवी, निळसर-हिरवट दिसले तर तांबडी. तांबडी सहसा शेवटी झिजते. मग रिमोटने दोन रंग बंद करून एकेक ट्यूब वेगळी पाहावी. जाळीचे चित्र लावून रेघांची धारही पाहावी. निळी मात्र थोडी जाड असली तरी चालते, अनेक कारागीर उजेडासाठी ती मुद्दाम किंचित पसरट ठेवतात.

एक युक्ती विशेष लक्षात ठेवावी. चित्राचा आकार झिजलेल्या आयताच्या आतच ठेवला तर सगळीकडे सारखीच झीज असते आणि पडद्यावर काहीच दिसत नाही. म्हणून चित्र उभे-आडवे वाढवायला सांगावे. कडेने उजळ पट्टा उमटला की गुपित फुटले. रुंद पडद्याचे चित्रपट दाखवलेल्या यंत्रात हा पट्टा वर-खाली निघतो, आणि जुन्या चौकोनी चित्राच्या गिऱ्हाइकाला तोच नडतो.

पेटी उघडून आत हात घालण्याची घाई करू नये. ट्यूबवर तीस हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि यंत्र बंद केल्यावरही भार शिल्लक राहतो. हे काम जाणत्या मिस्त्रीचेच.

आता विकणाऱ्याच्या बाजूने. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा आत ओल लागली, आणि भिजलेले धान्य वर का ठेवले नाही असे त्यांनी विक्रेत्याला विचारले, हा प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. तिरक्या बॅटरीचा उजेड म्हणजे त्या राशीत घातलेला हातच. शरीअतमध्ये सौद्याआधीचा दोष खरेदीदाराला माहीत नसेल तर खियारे-ऐब म्हणून माल परत करण्याचा हक्क आहे. देशाचा कायदा इतका मऊ नाही. १९३० च्या मालविक्री कायद्याच्या कलम १६ प्रमाणे, माल तपासून घेतला असेल तर त्या तपासणीत दिसायला हवा होता तो दोष नंतर पुढे करता येत नाही. म्हणजे कायद्यापुढे वाचलेला विक्रेता अल्लाहपुढे वाचेलच असे नाही. आमच्या मते विकणाऱ्याने गिऱ्हाइकाच्या हातात स्वतः बॅटरी द्यावी आणि पावतीवर लिहावे: तिन्ही ट्यूबची झीज कशी, मीटरचे तास किती, कोणती ट्यूब बदललेली. "जसे आहे तसे" एवढेच लिहून माहीत असलेला ऐब दडवणे हा व्यवहार नव्हे. दूध विकणाऱ्याला आपण पाण्याबद्दल बोलतो, मग ट्यूबबद्दल गप्प का बसावे?

सौदा झाल्यावर वाहतूक. सात-आठ इंची यंत्र सत्तर-ऐंशी किलोच्या घरात जाते, नऊ इंची शंभराच्या आसपास. चार माणसे लावावीत, भिंगांवर कापडी टोप्या बांधाव्यात, पेटी आडवी-उभी न करता सरळच ठेवावी. जागा बदलली की तिन्ही रंग एकमेकांवरून सरकतात. तो दोष नाही, पुन्हा बसवणीचे काम आहे आणि नवख्या हाताला त्यात एक पूर्ण दिवस जातो. म्हणून रक्कम ठरवतानाच बसवणीची मजुरी कोण देणार हे बोलून घ्यावे, आणि शेवटचा हप्ता नव्या जागी पांढरे चित्र पाहिल्यावर द्यावा.