तंबू परत करताना

डब्लिनच्या ग्रँड कॅनाल डॉकला तंबू वाळवायला जागा नसते, हे मला कुणी सांगायला नको. मीही तिथेच राहते. बाल्कनीत टॉवेल जरी टाकला तरी इमारतीच्या व्यवस्थापनाची ताकीद येते, समोर डॉकचं पाणी, हवा बारमाही दमट. राजमाचीहून आल्यावर गच्चीतल्या दोरीवर टाकून मोकळं व्हायचं सुख इथे नाही. म्हणून दुसऱ्याचा तंबू ओलाच कोंबून ठेवायचा?

विकलो वेची जवळपास १३० किलोमीटरची वाट चालायची म्हणून ऑगस्टमध्ये ओळखीच्या एकाने माझा तंबू मागून नेला. वाटेत ग्लेनमालूरला पाऊस लागला; लागणारच. तंबू परत आला नाताळात, तोही मी मागे लागल्यावर. पिशवी सोडताच कुबट वासाचा भपकारा आला. घड्या एकमेकींना चिकटलेल्या, ओढल्या की टरटरत सुटायच्या, आणि बोटांना लेपाचे पांढरे पापुद्रे. शिवणींवर काळे ठिपके.

"अगं, वाळवूनच ठेवला होता, हॉट प्रेसमध्ये," तो म्हणाला. वर, "तसा जुनाच होता ना?" हे मी विसरणार नाही. गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात ओला तंबू! कापडावरचा पॉलियुरेथेनचा लेप ओलीने हळूहळू विघटित होतो, उबेत फार लवकर. एकदा चिकट झाला की धुऊन काही उपयोग नाही. बुरशी तर दोन दिवसांतही धरते.

घरी आलात की बॅगांच्या आधी तंबू उघडा. बाहेरचं कापड शॉवरच्या दांडीवर, आतला भाग दारावर, पंखा चालू. डीह्युमिडिफायर असेल तर दार बंद करून लावा. वरून हाताला कोरडा लागतो, तिथेच लोक फसतात: तळाची खालची बाजू, शिवणींच्या पट्ट्या आणि ताणाच्या दोऱ्या ओल धरून असतात. उलटा करून पुन्हा वाळवा. वॉशिंग मशीन नको, ड्रायर तर नकोच. चिखल स्पंजने पुसा. समुद्रकाठी लावला असेल तर झिपा आणि काठ्या गोड्या पाण्याने धुवा. काठ्या मधल्या जोडापासून दुमडा, म्हणजे आतलं इलॅस्टिक सगळीकडे सारखं ताणलं जातं. मग तंबू उशीच्या सुती अभ्र्यात सैल ठेवा, कोरड्या, थंड जागी. दुसऱ्याची वस्तू जपून वापरावी, हे वेगळं सांगायला लागू नये.

तंबू उसना देताना आता मी बजावते: ओला असला तरी चालेल, पण आल्या दिवशी आणून दे, वाळवायचं मी बघते. त्याने ईस्टरला पुन्हा विचारलं होतं. दिला नाही.