चेहरा वाचताना

प्रास्ताविक

‘त्याचे तोंड उतरले’, ‘तिच्या कपाळाला आठ्या पडल्या’ असे आपण सहज बोलून जातो. चेहऱ्यावरून मन ओळखता येते, असा आपला विश्वास असतो. तो कितपत खरा आहे, ते या पाठात पाहू.

मूलपाठ

जबलपूरजवळ भेडाघाट येथे, नर्मदाकाठच्या टेकडीवर चौसष्ट योगिनींचे मंदिर आहे. कलचुरी राजांच्या काळात, सुमारे दहाव्या शतकात, ते उभारले गेले. वर्तुळाकार भिंतीतील कोनाड्यांत योगिनींच्या मूर्ती आहेत. त्यांतील पुष्कळ मूर्ती भग्न आहेत. काहींचे तर चेहरेच ओळखू येत नाहीत. तरीही पाहणारा थबकतो आणि ‘ही उग्र आहे’, ‘ही शांत आहे’ असे म्हणून जातो. चेहराच नाही, मग हा भाव त्याला दिसला कोठे? बसण्याची ढब, खांद्यांचा ताठपणा, आसनाखाली कोरलेले वाहन, आसनावरील नाव यांतून त्याने तो नकळत जुळवलेला असतो.

जिवंत माणसाकडे पाहतानाही असेच घडते. समोर चेहरा आला, की सेकंदाच्या पाचव्या भागाहूनही कमी वेळात मेंदू तो चेहरा म्हणून ओळखतो. भुवया, डोळे व ओठ यांचा तो सुटा सुटा हिशेब करीत नाही, तर एकत्रित आकृती टिपतो. म्हणूनच छायाचित्र उलटे धरले, तर त्यातील भाव ओळखणे अवघड जाते. मात्र टिपलेल्या आकृतीचा अर्थ प्रसंग, शरीराची ठेवण आणि आपले पूर्वग्रह यांच्या मदतीने ठरतो.

२०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात टेनिसपटूंची छायाचित्रे लोकांना दाखवली होती. गुण जिंकल्याच्या किंवा गमावल्याच्या क्षणी ती टिपलेली होती. केवळ चेहरा पाहून जिंकणारा कोण, हे लोकांना सांगता आले नाही. केवळ शरीर पाहून मात्र सांगता आले. भरताच्या नाट्यशास्त्रात छत्तीस प्रकारच्या दृष्टी वर्णिल्या आहेत. पण अभिनय तेथेच संपत नाही. हात, मान, चाल आणि वाणी यांचीही जोड त्याला दिलेली आहे.

समजा, कारखान्यातील रात्रपाळी संपवून एक तरुण अभ्यासवर्गाला आला आहे. डोळे जड, ओठ घट्ट मिटलेले. शिक्षकांना वाटते, याला शिकण्याची इच्छा नाही. ते त्याला प्रश्न विचारणे सोडून देतात आणि हळूहळू तो वर्गाला येणेच सोडतो. चेहरा खोटे बोलला नव्हता. वाचणाऱ्याने घाई केली होती.

म्हणून चेहऱ्यावरून तर्क अवश्य करावा, पण निकाल देऊ नये. ‘बरे आहे ना?’ एवढे विचारले, तरी पुष्कळ गैरसमज टळतात.

शब्दार्थ

भग्न – मोडलेले. ढब – पद्धत, ठेवण. पूर्वग्रह – आधीच करून घेतलेले मत

स्वाध्याय

१. चेहरा नसलेल्या मूर्तीतही पाहणाऱ्याला भाव का जाणवतो?
२. ‘चेहरा खोटे बोलला नव्हता, वाचणाऱ्याने घाई केली होती.’ या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.
३. वर्तमानपत्रातील एखाद्या छायाचित्राची फक्त चेहऱ्याची बाजू झाकून पाहा. व्यक्तीच्या मनःस्थितीविषयी काय कळते, ते पाच ओळींत लिहा.